पाच मिनिटांचं काम!

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. पहिलीपासून बारावीपर्यंत मराठी हा विषय फक्त पास होण्यापुरता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको. मेसमध्ये ताटावरून उठू न देता त्यांनी हा लेख कबूल करून घेतला आहे! विषय काय, तर "काहीही चालेल, पण स्वतःचं पाहिजे." स्वतःचं म्हणाल तर माझ्याकडे सध्या एकच गोष्ट आहे. एक पांढरी वीतभर वायर.

ही वायर म्हणजे यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर. एका टोकाला आपलं नेहमीचं यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचं सिरियल पोर्ट. आपल्या लॅपटॉपना हे नऊ पिनांचं पोर्ट नसतं. पण मायक्रोकंट्रोलर लॅबमधल्या जुन्या किटला ते असतं, वर्कशॉपमधल्या सीएनसी मशीनला असतं, आणि, या लेखापुरतं महत्त्वाचं म्हणजे, भुईकाट्यालाही असतं. आरएस-२३२ नावाचं हे स्टँडर्ड १९६० सालचं. यूएसबी आलं १९९६ मध्ये. म्हणजे यूएसबी आपल्या दादा-ताईच्या वयाचं, आणि आरएस-२३२ हे घरातल्या आजोबांसारखं. रिटायर झाले म्हणायचं, आणि सगळं घर त्यांच्याच पेन्शनवर चालायचं!

मी ती वायर घेतली ती तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टसाठी, जळगावातल्याच एका दुकानातून. लॅबमधल्या पीसीवर ती चालते का ते आमच्या लॅबच्या काकांनी तपासून दिलं. काका लॅब अटेंडंट आहेत. इंग्रजी मॅन्युअल त्यांना एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. त्यांनी खिशातून वायरचा एक तुकडा काढला, नऊ पिनांपैकी २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना जोडल्या आणि म्हणाले, "टाइप कर."

मी 'हॅलो' टाइप केलं. स्क्रीनवर 'हॅलो' आलं.

"तीन नंबरमधून बोलतो, दोन नंबरमधून ऐकतो. दोन्ही जोडले म्हणजे स्वतःचंच स्वतःला ऐकू येतं. हे आलं म्हणजे वायर चांगली. मग पुढचं जे काय बिघडेल ते आपलं." एवढं बोलून काका चहाला गेले. या चाचणीला पुस्तकात लूपबॅक टेस्ट म्हणतात, दोन मार्कांना येते. मी ती पाठ केली होती, केली कधीच नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीच्या दोन दिवस आधी पप्पांचा धुळ्याहून फोन आला. इथे पप्पांबद्दल सांगायला हवं. माझे पप्पा पारोळा रोडकडच्या एका भुईकाट्यावर काम करतात. गाडी काट्यावर उभी राहिली की इंडिकेटरवर लाल आकडे येतात. पप्पा ते वजन घेऊन पावती देतात. भरलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. पंचवीस वर्षं तेच. शाळेच्या फॉर्मवर 'फादर्स ऑक्युपेशन'च्या पुढे मी दरवर्षी 'बिझनेस' लिहायचे. कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. मीच लिहायचे.

तर काट्यावरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. मदरबोर्ड गेला, मेकॅनिक मशीन घेऊन गेला तो केबलसकट, आणि म्हणाला, दिवाळीनंतर. आपल्याकडे दिवाळीच्या आधी कापसाच्या गाड्यांची काय गर्दी असते ते खान्देशात सांगायला नको. घरात कपडे, किराणा, उधारी, सगळं त्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या कापसावर. पप्पा पावत्या हाताने लिहीत होते आणि हाताने लिहिलेल्या पावतीवर रोज वाद होत होते. 'मापात पाप' ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. काटा मारला, हा संशय शेतकऱ्याच्या मनात आधीपासून असतोच. हाताची चिठ्ठी पाहिली की तो तोंडावर येतो.

"बेटा, तुझ्या लॅपटॉपला जमेल का ते?"

"हो पप्पा. वायर आहे माझ्याकडे. पाच मिनिटांचं काम आहे."

लॅबमधून काकांना सांगून एक सिरियल केबल घेतली (रजिस्टरला सही करून, स्टाफने नोंद घ्यावी) आणि एसटीत बसले. एरंडोल, पारोळा, धुळे. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्रेपन्न. चार वाजता थेट काट्यावर उतरले. पप्पांनी दोन-तीन जणांना आधीच सांगून ठेवलं होतं, की पोरगी इंजिनियर आहे, ती करेल. त्यांच्या समोर मी लॅपटॉप उघडला. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, सीनियर्सनी टाकून दिलेलं. लिनक्समध्ये सिरियल कन्व्हर्टर लावला की त्याचा ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलमध्ये आधीच असतो, सीडी-बीडी काही लागत नाही. हे मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंसुद्धा.

वायर लावली. डीमेसेज ही कमांड दिली, म्हणजे कर्नलने काय पाहिलं ते दिसतं. ओळ आली: कन्व्हर्टर सापडला, नाव टीटीवाय-यूएसबी-शून्य. मी मान वर करून हसले. खाली पाहिलं तर पुढची ओळ आली होती: टीटीवाय-यूएसबी-शून्य डिस्कनेक्टेड. काढली, लावली. आला, गेला. पुन्हा. आला, गेला. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि माझं पोर्ट दोन सेकंदांत अंतर्धान!

मोबाईलचं नेट लावून शोधलं तेव्हा कळलं की हा घोळ माहितीतला आहे. उबुंटू २२.०४ मध्ये, म्हणजे २०२२ पासून, तो बऱ्याच जणांना आला. प्रत्येक यूएसबी वस्तूला दोन नंबर असतात, एक बनवणाऱ्याचा, एक वस्तूचा. माझ्या वायरमध्ये सीएच३४० ही स्वस्त चिप, तिचे नंबर १ए८६ आणि ७५२३. आता हीच चिप अंधांसाठीच्या एका ब्रेल डिस्प्लेमध्येही आहे. बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम असतो, तो स्क्रीनवरची अक्षरं ब्रेल डिस्प्लेवर पाठवतो, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाला ती बोटांनी वाचता येतात. तो प्रोग्राम माझ्या वायरचा नंबर पाहायचा, ब्रेल डिस्प्ले आला असं समजायचा आणि पोर्ट स्वतःकडे ओढून घ्यायचा. मी तोपर्यंत त्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. नंतर जरा ओशाळले. (नंबरांवरून झालेलं याहून मोठं महाभारत २०१४ चं: एफटीडीआय या चिप कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा वस्तू-नंबर शून्य करून टाकला होता. हजारो वायरी एका रात्रीत मुक्या.) माझ्या लॅपटॉपवर ब्रेल वाचणारं कोणी नाही, म्हणून तो प्रोग्राम काढून टाकला. पोर्ट आलं आणि टिकलं.

टर्मिनल प्रोग्राम चालू केला. 'परमिशन डिनाइड.'

"काय म्हणतंय?" पप्पांनी विचारलं.

मी अस्सल कॉन्व्हेंट उच्चारात ते वाचून दाखवलं.

"कोणाची परमिशन? मालकाची तर मी घेतली आहे."

तिथे उभे असलेले सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला ते वाचता येत होतं आणि त्याचा अर्थ पप्पांइतकाच मलाही कळत नव्हता. लिनक्समध्ये सिरियल पोर्ट उघडायचा हक्क डायलआउट नावाच्या ग्रुपला असतो. नाव मोडेमच्या काळातलं, ज्याला बाहेर फोन लावायची मुभा तो या ग्रुपमध्ये. मी स्वतःला ग्रुपमध्ये घातलं, तरी परमिशन डिनाइड! अर्धा तास गेल्यावर समजलं की ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं. हॉस्टेलला नाव लागलं तरी नवं आयकार्ड मिळेपर्यंत वॉचमन आत सोडत नाही, तसंच.

एव्हाना अंधार पडला होता. एक बाबा, पांढरी टोपी, कापसाने भरलेली ट्रॉली, दुपारपासून थांबलेले. पप्पांनी त्यांना हाताने पावती देऊ केली. ते म्हणाले, "हातनी चिठ्ठी माले नको, भो. मशीननी दे." रागाने नाही, सरळ सांगितलं. दुसऱ्या काट्यावर जा म्हणावं तर तिथली रांग हायवेपर्यंत. त्यांनी ट्रॅक्टर बाजूला लावला आणि ट्रॉलीवर कापसातच आडवे झाले. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही, आणि त्याचंच टेन्शन आलं.

पोर्ट उघडलं. स्क्रीन कोरी. इंडिकेटर काहीच पाठवत नव्हता, किंवा पाठवत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. पप्पांना वाटलं इंडिकेटरच बिघडला असेल, मलाही तसंच वाटायला लागलं. पण तो उघडायचा नाही, त्याला वैधमापनच्या निरीक्षकांचं सील असतं. तेवढ्यात काका आठवले. मी कन्व्हर्टरच्या २ आणि ३ पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. (तुकडाही काकांचाच होता. माझ्या कंपासमध्ये कसा आला, माहीत नाही.) टाइप केलं: हॅलो. आलं: हॅलो. म्हणजे वायर चांगली, आता बिघडेल ते आपलं.

आपलं म्हणजे केबल. लॅबमधली केबल सरळ होती, दोनला दोन आणि तीनला तीन. इंडिकेटर तीनमधून बोलत होता आणि माझा लॅपटॉपही तीनमधूनच बोलत होता. दोघांची तोंडं समोरासमोर आणि दोघांचे कान समोरासमोर. बोलणार सगळे, ऐकणार कोणी नाही, आमच्या विंगच्या मीटिंगसारखं! उलटी केबल हवी होती. रात्री नऊ वाजता पारोळा रोडवर उलटी केबल कोण देणार? मी कॉलेजची केबल ब्लेडने मधोमध कापली, आतल्या बारीक तारा सोलल्या, एका बाजूची ३ दुसऱ्या बाजूच्या २ ला, पाचला पाच, वर काळी टेप. पप्पा मोबाईलचा टॉर्च धरून उभे होते. केबल कॉलेजची आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता अक्षरं येऊ लागली. पण ती कोणत्याही भाषेतली नव्हती. हा स्पीडचा दोष, एवढं मला माहीत होतं. इंडिकेटर सेकंदाला २४०० बिट पाठवत असेल आणि आपण ९६०० ने ऐकत असू, तर त्याचा एक बिट आपल्याला चारसारखा दिसतो. मॅन्युअल कुठे गेलं कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून एकेक करून पाहिलं. ९६००, कचरा. ४८००, कचरा. २४०० लावलं, आणि स्क्रीनवर स्वच्छ शून्यांच्या ओळी धावायला लागल्या. काटा रिकामा होता ना! मी ओरडलेच. पप्पा धावत जाऊन काट्यावर उभे राहिले. आमचा काटा दहा-दहा किलोने उडी मारतो. लाल आकडा ६०, स्क्रीनवर ६०. रात्रीचा एक वाजला होता. घरी जाऊन मेलेल्यासारखी झोपले.

सकाळी सात वाजता पहिली गाडी बाबांचीच घेतली. लाल आकडा ६८५०. स्क्रीनवर सहा, मग काळ्या चौकोनात एक प्रश्नचिन्ह, मग पन्नास.

बाबा खाली उतरून माझ्यामागे उभे होते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हाई काय शे? मधला आकडा कोठे गया?"

काय सांगणार? वजन किलोत असतं तेव्हा शेकड्याच्या घरातला आकडा म्हणजे क्विंटल. माझ्या स्क्रीनवर नेमका क्विंटलच्याच जागी खड्डा. रात्री बरोबर, सकाळी चूक, हे कसं? मी वायर हलवली, केबलची टेप पुन्हा गुंडाळली, लॅपटॉप रीस्टार्ट केला. दुसरी गाडी ७२४० ची, तिथे तर नुसती प्रश्नचिन्हं आणि शेवटी शून्य. तिसरी ५९३०, ती स्वच्छ! मी रडायच्या बेतात होते. पप्पा नेहमीप्रमाणे वहीत वजनं उतरवत होते. सहा-सात गाड्यांनंतर त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली.

"बेटा, हे पाह्य. काही आकडे कायम येतात, काही कधीच येत नाही."

वहीच्या कडेला पेन्सिलने लिहिलं होतं: येतात, ०, ३, ५, ६, ९. येत नाहीत, १, २, ४, ७, ८.

पंचवीस वर्षं आकडे पाहणाऱ्या माणसाला ते दिसलं. मी अर्धा तास स्क्रीनकडे पाहत होते आणि मला फक्त 'गडबड' दिसत होती.

मी त्याच वहीत प्रत्येक आकड्याचा आस्की कोड लिहून काढला. शून्य म्हणजे ०११००००, त्यात एक हा अंक दोनदा. तीनमध्ये चारदा. पाच, सहा, नऊ, तिन्हींत चारदा. आणि एक, दोन, चार, आठ यांच्यात तीनदा, सातमध्ये पाचदा. सम आणि विषम! पॅरिटी!! डेटा कम्युनिकेशनमध्ये चार मार्कांना पाठ केलेली इव्हन पॅरिटी. इंडिकेटर सात बिटांचा आकडा पाठवतो आणि आठवा बिट असा लावतो की 'एक'ची संख्या सम व्हावी. ज्या आकड्यांत ती आधीच सम, तिथे आठवा बिट शून्य, ते मला बरोबर दिसत होते. बाकीच्यांना आठवा बिट एक, आणि मी तो आकड्याचाच भाग म्हणून वाचत होते. रात्री काटा रिकामा, सगळी शून्यं, सगळी सम. आणि माझे पप्पा नेमके साठ किलोचे! ते सत्तर किलोचे असते तर रात्रीच पकडलं असतं.

सेटिंग आठ बिट, पॅरिटी नाही, असं होतं. सात बिट, इव्हन केलं. पुढच्या गाडीचा आकडा एका दमात आला, आठ-बीठ सगळ्यांसकट.

मग पायथनमध्ये पावतीचा छोटा प्रोग्राम लिहिला. तिथेही पप्पांनीच वाचवलं. एका चाचणीत पावतीवर भरलं वजन ६८५ किलो छापलं. पप्पा म्हणाले, "ट्रॅक्टर एकटा दोन टनाचा राहतो, बेटा." चूक माझी होती. इंडिकेटर ओळीमागून ओळ पाठवत असतो. मी ओळ संपायची वाट न पाहता मिळतील तेवढी अक्षरं उचलत होते, शेवटचं शून्य मागे राहिलं होतं. आता पूर्ण ओळ आल्याशिवाय आणि तोच आकडा लागोपाठ दहा वेळा आल्याशिवाय प्रोग्राम वजन घेत नाही. तरीही पप्पांनी वीस गाड्या वहीत आणि स्क्रीनवर अशा दोन्हीकडे लावून पाहिल्या, मगच प्रिंटर चालू करू दिला. "वजन काटा करतो. आपण फक्त लिहितो. लिहिताना चुकलं तर शिव्या काट्याला पडतात."

बाबांची पावती दुपारी निघाली. भरलं ६८५०, रिकामं ३९६०, निव्वळ २८९०. अठ्ठावीस क्विंटल नव्वद किलो. त्यांनी आधी इंडिकेटरकडे पाहिलं, मग पावतीकडे, पुन्हा इंडिकेटरकडे. पावतीची घडी करून टोपीत ठेवली आणि ट्रॅक्टर सुरू केला. मला वाटलं काहीतरी म्हणतील. नाही म्हणाले. जाताना पप्पांना मात्र हात केला.

लॅपटॉप दिवाळीभर काट्यावरच राहिला. त्यामुळे सुट्टीतली माझी दोन सबमिशन्स झाली नाहीत. सरांना मी तेव्हा 'तब्येत बरी नव्हती' असं सांगितलं होतं. सर, सॉरी.

जळगावला परत आल्यावर काकांसमोर ती केबल ठेवली. मधोमध काळ्या टेपची गाठ, अजगराने उंदीर गिळल्यासारखी. सगळं खरं सांगितलं. फाइन किती लागेल ते विचारायला पैसेही बरोबर नेले होते. काकांनी केबल उलटसुलट करून पाहिली. टेप सोडवली, आतले जोड पाहिले, नाक मुरडलं. सोल्डरिंग गन गरम करून दोन्ही जोड नीट केले, वर स्लीव्ह चढवली.

"२-३ जोडून पाहिलं होतं ना आधी?"

"हो काका."

त्यांनी रजिस्टरमध्ये माझी सही शोधली, समोर 'परत' लिहिलं. मग पांढऱ्या कागदाची चिठ्ठी केबलला चिकटवून तिच्यावर स्केचपेनने लिहिलं: क्रॉस.

"आपल्या लॅबला क्रॉस केबल नव्हतीच," काका म्हणाले. "आणि माझा वायरचा तुकडा?"